बिज्याचा पेला आणि रविवारची बाटली

त्या पेल्यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. पेल्यावरच कशाला, पेला विकणाऱ्यावर, त्याच्या सायकलीवर, हँडलला लटकवलेल्या त्याच्या थैलीवर, कशावरच नव्हता. माझा स्वभावच मेला तसा. दुधाचा थेंब नखावर घेऊन पाहायचा, एसटीच्या कंडक्टरनं दिलेलं तिकीट दोनदा वाचायचं, वर्गातली पोरगी पोट दुखतं म्हणाली की आधी तिची गृहपाठाची वही मागायची. "तुले शाळेत कोनं घेतलं? तू पोलिसात पायजे होती," असं आई म्हणायची.

आम्ही सेलूचे. पुढं किराण्याचं दुकान, मागं राहतं घर, त्यामागं अंगण. अंगणात न्हाणी आणि धुण्याचा दगड. दोघी मोठ्या बहिणी लग्न होऊन गेलेल्या, त्यामुळे घरात तिघंच: बाबा, आई आणि मी. वर्धेच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवत होते आणि माझं लग्न जमत नव्हतं. माझं तोंड हे त्याचं एक कारण असल्याचं नातेवाईक एकमेकांना सांगत आणि ते माझ्या कानावर येईल अशी व्यवस्थाही करत. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या हिवाळ्यात बाबांना साखर निघाली.

साखर म्हणजे काय, हे आमच्या घराला नव्यानं कळायचं नव्हतं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, साखरेनंच आंधळे झाले होते. शेवटची तीन वर्षं बाबांनी त्यांचा हात धरून त्यांना न्हाणीपर्यंत नेलं, ताटातल्या भाजीवर त्यांची बोटं टेकवून दिली. त्यामुळे वर्धेच्या डॉक्टरांनी कागद पुढं केला तेव्हा बाबांनी तो वाचलासुद्धा नाही. "डोये जातीन का?" एवढंच विचारलं. मी बाजूच्याच स्टुलावर होते. बाबांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. त्याच क्षणी मी ठरवलं की जग इकडचं तिकडे होवो, या माणसाचे डोळे मी जाऊ देणार नाही.

डॉक्टर म्हातारे होते आणि कमी बोलणारे. एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, गोड बंद, भात कमी, ज्वारीची भाकर आणि पालेभाजी खा, वेळेवर जेवा, रोज तासभर चाला, दर आठवड्याला घरी लघवी तपासा. संपलं. बाबा एसटीत बसले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"एवढा मोठा डॉक्टर अन सांगते काय, त चाला मने. चालाचं सांगाले डॉक्टर कायले पायजे? आपल्या गावातले बैल बी चालतेत."

मला वाटतं, सगळा घोळ तिथंच सुरू झाला. फुकटच्या गोष्टीवर माणसाचा जीव बसत नाही. बाबा तर व्यापारी माणूस. दुकानाच्या वरच्या फळीवर ताकदीच्या पावडरीचे डबे ओळीनं मांडलेले असत, पोरं उंच होतील, बाळंतिणीला दूध येईल, म्हाताऱ्याला तरतरी येईल असं डब्यांवर छापलेलं. बाबा ते विकायचे, पण त्यातला एक चमचा कधी घरात आला नाही. मी एकदा दहावीच्या वर्षी मागितला तर म्हणाले, "शेंगदाने खाय मुठभर. त्या डब्यात चित्र लय छान हाय, बाकी काई नाई." हिंग ते काडीनं पेटवून पाहत, मधात कापसाची वात बुडवून जाळून बघत. अशा माणसाला कोणी फसवील, हे मला खरं वाटलं नसतं.

आता तपासणीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. निळं द्रावण मिळायचं औषधाच्या दुकानात. परीक्षानळीत ते थोडं घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, नारिंगी त्याच्यापुढं, आणि विटेसारखं लाल झालं तर मग देवाचं नाव घ्या. नळी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणली होती, रीतसर हेडमास्तरीणबाईंना विचारून.

अडचण निघाली ती वेगळीच. बाबा साफ नाही म्हणाले.

"पोरीच्या हातात मी आपल्या लघवीची बाटली देऊ? लाज-शरम काई हाय का नाई?"

"अहो बाबा, मी विज्ञान शिकवते."

"तू कलेक्टर असजो, मले काय करा लागते!"

दोन दिवस तोंड फुगवून बसले. मग आईनं तोड काढली. रविवारी सकाळी बाबांनी खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली भरून न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि दुकानात निघून जायचं. मग आई न्हाणीत जाणार, बाटली आणून धुण्याच्या दगडावर ठेवणार, वर ताटली झाकणार. ती आत गेली की मी बाहेर येणार. बापलेकीची त्या बाटलीपाशी गाठ पडायची नाही. बाबांना पटलं. मलाही काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं अशा गोष्टी अशाच आडून व्हायच्या, सासरे जेवताना सून दाराआडून वाढायची त्या घरांतलीच आम्ही माणसं.

पहिल्या रविवारी नळी लाल झाली. दुसऱ्या रविवारी लाल. तिसऱ्या रविवारी नारिंगी. आणि माझा पारा चढला. काय काय बोलले असेन मी त्यांना! समोरच्या हॉटेलातल्या जिलबीवाल्याला दम दिला. बाबांच्या बंडीचे खिसे चाचपले. ते जेवायला बसले की मी त्यांचे हात हुंगून पाहायची, गुळाचा वास येतो का म्हणून. गोड खात होते की नाही देव जाणे, पण चालत नव्हते हे नक्की. पहाटे उठवलं की म्हणत, आज गुडघा दुखून राह्यला. चौथ्या रविवारी परत लाल झाली तेव्हा मी नळी हातात घेऊन तशीच दुकानात गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत मी ओरडले, "मोठ्या बाबांसारखं चाचपडत बसायचंय का तुम्हाला? मग तुमचा हात धरायला मी नाही राहणार, सांगून ठेवते!"

बाबांनी तराजू खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. आई भिंतीला टेकून बसली होती. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्याच्या बाजारात तो पेलेवाला आला.

हिंगणीकडच्या जंगलातला होता म्हणे. काटकुळा, डोळ्यांत लबाडी. (बाकीच्यांना ती दिसत नव्हती, मला दिसत होती.) थैलीत जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेले लाकडी पेले. बिज्याचं लाकूड. त्यात रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं, साखर मुळापासून जाते. मी तिथंच उभी होते.

"नुसतं पाणी पिऊन?" मी विचारलं.

"नाई बाई, पथ्य लागते. गोड सोडा लागते. अन पेला पेल्यावर नदीपावतर चालत जाऊन या लागते."

"मग गोड सोडलं आणि नदीपर्यंत चाललं, तर पेला कशाला पाहिजे?"

तो जराही गडबडला नाही. "पेल्याबिगर चालनं अंगाले लागत नाई, बाई."

बाजारातली माणसं हसली. बाबा हसले नाहीत. ते पेला उलटासुलटा करून पाहत होते. घरी आणून त्यांनी त्याची अशी परीक्षा घेतली, की मी कॉलेजात प्रात्यक्षिकं काय केली असतील! वजन केलं. तळाशी नखानं खरवडलं. पाणी भरून ठेवलं आणि सकाळी ते काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं. पाणी चहासारखं पिवळट तांबूस, पण कडेनं पाहिलं तर त्यात निळी झाक मारत होती. खरोखर मारत होती, मीही पाहिली. बाबांनी गावातल्या सुताराला बोलावून दाखवलं. सुतार म्हणाला, अस्सल बिजा हाय, सेठ.

"पाह्य," बाबा मला म्हणाले, "माल अस्सल हाय."

लाकूड अस्सल होतं, हे मला कबूलच होतं. लाकूड अस्सल आहे म्हणून ते औषधही असलं पाहिजे, हे कुठून आलं? पण ते बाबांना कोण सांगणार. हिंग खरा निघाला की भाजीला वास येतोच, तसा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, गुडघा वगैरे विसरून, बाबा पेलाभर पाणी पिऊन नदीकडं निघाले. ज्या चालण्याला डॉक्टरानं सांगून पाय उचलत नव्हता, त्याला लाकडाच्या तुकड्यानं सांगितलं तर निघाले! मी उशीत तोंड खुपसून चरफडले.

आणि पुढच्याच रविवारी नळी निळी राहिली.

मला खरंच वाटेना. परत उकळली. निळीच. द्रावण जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली आणली, तरी निळीच. पुढच्या रविवारी निळी. त्याच्या पुढच्या रविवारी निळी. बाबांची छाती अशी फुगली की बंडीच्या गुंड्या तुटतात की काय. गिऱ्हाईक तेल मागायला आलं तर आधी पेल्याची कथा ऐकून जायचं. "माह्या घरात सायन्सवाली पोरगी हाय, तिनं सोता तपासलं," हे शेवटी ठरलेलं. म्हणजे माझ्याच नळीनं त्या लबाडाची जाहिरात चालली होती. तालुक्यातून माणसं येऊन पेल्याचं विचारू लागली, पुलगावहून एकजण सायकल हाणत आला. पेलेवाला थैली सोडून बाजारात कापडाचं छप्पर टाकून बसू लागला. वर पाटी, त्यावर मोठ्या अक्षरात "मधुमेह मुळापासून".

मी गप्प बसणारी नव्हते. बाबांचा पेला मोरीवरच्या फळीवर असे. मी एक महिनाभर रोज त्यातलं पाणी फेकून दिलं आणि पितळी लोट्यात साधं पाणी घेऊन त्यात दोन थेंब चहा टाकून तेच पेल्यात ओतत राहिले, पहाटे बाबांच्या आधी उठून. चार रविवार तपासलं. चारही वेळा निळं! पेल्याचा काडीचा संबंध नाही, हे सिद्ध झालं की हो. पाचव्या रविवारी जेवताना मी विजयी मुद्रेनं जाहीर केलं, "बाबा, महिनाभर तुम्ही चहाचं पाणी पिताय. पेल्यातलं नव्हे."

बाबांनी घास तोंडात घातला, नीट चावला, गिळला. "मंग? लाकडाचा गुन एकदा अंगात मुरला की मुरला," म्हणाले.

आता या माणसापुढं डोकं आपटावं की काय करावं! आई पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली. मला वाटलं, ती हसतेय. मी तिच्यावरही चिडले. मनात मात्र खूश होते. गोड सुटलं, चालणं सुरू झालं, साखर गेली, पेल्याचं काय ते मला कळलंच होतं. बाबांचे डोळे वाचले. श्रेय कोणी का घेईना.

असे सहा-सात महिने गेले.

पोळ्याच्या सुमारास नळीत हिरवी छटा आली. अगदी फिकट. मी बाबांना काही बोलले नाही, एक वेळ सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात चांगली हिरवी. मी म्हटलं, झालं, सुरू झाली जिलबी. पुन्हा तेच सगळं: खिसे, हात हुंगणं, जिलबीवाल्याला दम. बाबा कळवळून म्हणत, "तुह्या गयाची आन, बाई, एक तुकडा खाल्ला असन त." मी मान हलवायची. व्यापारी माणसाच्या आणेवर मी विश्वास ठेवू? नदीपर्यंत जातात की वाटेत पारावर बसून परत येतात, ते पाहायला दोनदा त्यांच्या मागं गेले. चालत होते बिचारे. भरभर चालत होते, मला गाठता येईना इतके. तरी माझा संशय गेला नाही. पेलेवाल्यानं सांगितलं, तीन महिन्यांत लाकडाचा जोर उतरते, नवा पेला घ्या लागते. बाबांनी नवा घेतला. मग दिवाळीनंतर आणखी एक. नळी पिवळी झाली, मग नारिंगी.

त्या दिवसांतलं आईचं रूप आठवलं की आज माझी मलाच चीड येते. तिचं पोलकं दंडावर लोंबायला लागलं होतं. मी म्हटलं, आई, जरा खात जा. ऐन थंडीत ती माठातलं पाणी तांब्यानं पीत असायची. मी म्हटलं, चुलीपाशी बसून तहान लागत असेल. एकदा सकाळी बाबा पाणी पिऊन गेल्यावर तिनं पेल्यात तळाशी राहिलेलं पाणी तोंडाला लावलेलं मी पाहिलं. "आता तूही त्याच्या नादी लागलीस?" मी फणकारले. "वाया काऊन घालवाचं," ती म्हणाली आणि पेला पालथा घातला. मी वर्गात पोरींना सांगायची की निरीक्षण हा विज्ञानाचा पाया असतो. फळ्यावर लिहायची.

मग तो रविवार आला. बाबा शनिवारीच म्हणाले होते की उद्या पहिल्या एसटीनं नागपूरला जातो, माल आणायचा आहे. मला ते ऐकूनही लक्षात राहिलं नव्हतं. सकाळी उठले, अंगणात ऊन आलं होतं. धुण्याच्या दगडावर नेहमीसारखी बाटली होती, वर ताटली. मी दिवा पेटवला, थेंब टाकले, नळी धरली.

लाल झाली. वीट. त्या पहिल्या महिन्यानंतर मी तो रंग पाहिला नव्हता. माझा असा भडका उडाला की नळी तशीच गरम हातात घेऊन मी दुकानाच्या दाराशी गेले. दुकान बंद. घरात आले. आई ओसरीवर पाय पसरून बसली होती, पुढ्यात सूप, सुपात तूरडाळ.

"बाबा कुठं आहेत?"

"नागपूरले गेले. पहिल्या एसटीनं."

"न्हाणीत बाटली ठेवून गेले वाटतं पहाटे?"

"नाई. ते चहा पेले अन गेले."

मी नळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मग ही बाटली कोणाची?"

आईनं सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. "माही हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिची काहीतरी गफलत झाली. "चुकून ठेवलीस का? सवयीनं?"

"चुकून काऊन ठेवीन? पहाटं उठून त्याईचा डबा म्याच बांधून देल्ला. ते घरी नाईत हे मले मालूम नाई काय?" ती डाळच पाहत होती. "बाई, मांगच्या साली तू त्याईले दुकानात बोल्ली ना, लोकायपुढं. त्या रातच्यानं ते जेवले नाई, अन मी मनलं, आता बस. रवारी त्याईची बाटली मी मोरीत उलटी केली अन माही ठेवली. तू निळी पाह्यली अन हासली. ते बी हासले. घरात शांती झाली. मंग मले माही बाटली परत काहाडताच आली नाई."

"म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासून सारी माहीच."

मी तिच्यासमोर खाली बसले. माझे सगळे रविवार, माझा चहाच्या पाण्याचा प्रयोग, माझा विजय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सगळं हिच्या बाटलीवर. "अगं, आणि बाबा? त्यांची साखर कोणी पाहिली मग? वर्षभर? त्यांचे डोळे गेले असते तर?"

"मी पाहो ना," आई म्हणाली. "त्याईची बाटली मी न्हानीच्या मांगं त्या सपाट गोट्यावर ओतो. अन जाऊन पाहो, मुंग्या लागल्या का नाई. पयले लय लागे, काया-काया, रांगच. म्हून त म्या त्याईच्या चहातली साखर काहाडली, भात बंद केला, मेथी-अंबाडी अन भाकर चालू केली. पहाटं म्याच उठवून हाकलो त्याईले. ते मनत, पेल्यानं. मी मनो, असन. दोन-तीन मइन्यात मुंग्या कमी झाल्या. आता त लागतच नाई."

नंतर वर्धेच्या डॉक्टरांनी बाबांची तपासणी केली तेव्हा नळी निळीच राहिली. आईनं सांगितलं होतं ते शब्दाला शब्द खरं होतं. पण त्या ओसरीवर बसून मला पुढचा प्रश्न विचारायची हिंमत होत नव्हती. त्याचं उत्तर तिनंच देऊन टाकलं.

"पोयाच्या आंगंमांगं माह्या बाटलीले मुंग्या लागाले लागल्या. मले समजलं. मी आपलं त्याईचं उरलेलं पेल्यातलं पानी पेऊन पाह्यलं. काय करन? सांगू कोनाले?"

"मला सांगायचं ना, आई! मला! मी इथंच होते, रोज होते!"

"तुले कसं सांगू? तुले सांगतलं असतं त त्याईले कळलं असतं का मी वर्सभर खोटं बोल्ली. अन तू त्याईच्या नावानं वरडे त मले वाटे, आता इचारशीन, आता इचारशीन का आई, बाटली बराबर हाय ना. मी तठीच उभी राहो, दाराच्या मांगं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी भांडले असते. "तुले दुधवाल्याचा संशय येते, कंडक्टरचा येते, बापाचा येते. माहा एक दिवस नाई आला. मंग मी मनलं, ते घरी नसतीन त्या दिवशी ठेवतो. आता त इचारशीनच."

मला रडू फुटलं. आमच्याकडं चूक कबूल करायची झाली की जे करतात तेच मी केलं. वाकले आणि तिचे पसरलेले पाय दोन्ही हातांनी धरले. उजव्या टाचेवर हाताला काहीतरी कडक लागलं. पाय वळवून पाहिला. बाभळीचा काटा होता, जाडजूड, बुडखा तेवढा बाहेर, बाकी सगळा आत गेलेला. भोवतालची कातडी काळी पडून फुगली होती.

"हा कधी रुतला?"

"काय?"

"काटा, आई. टाचेत काटा आहे."

तिनं सूप बाजूला सारलं आणि वाकून पाहिलं. "अवं माय, हा कवाचा?" तिला खरंच नवल वाटलं होतं. सकाळपासून तिनं सडा घातला होता, दोन खेपा पाणी आणलं होतं, बाबांना फाट्यापर्यंत सोडून आली होती.

साखरेनं पायांची जाणीव जाते, कधी ती तपासणीत दिसायच्या आधीपासूनच, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मी तिच्या टाचेवर, काट्याच्या अगदी लगत अंगठा ठेवला आणि सगळा जोर लावून दाबला, इतका की कातडीतून पाणी आलं. तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते. ती माझ्याकडं पाहत होती, माझं रडणं थांबायची वाट पाहत असल्यासारखी.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"काऊन?" ती म्हणाली. "दाबून राह्यली काय तू?"